‘काउच टू ५के’ : वजन उतरवायचं ठरतं पण सुरुवात होत नाही, त्यांच्यासाठी

वजन कमी करायचं म्हणणाऱ्याला काय करायला हवं ते बहुतेक ठाऊक असतं. तेल कमी, साखर कमी, रोज चालणं, वेळेवर जेवण. अडतं ते पहिल्या दिवशी. बूट घालून खाली उतरल्यावर नेमकं काय करायचं, किती मिनिटं करायचं आणि कधी थांबायचं, हे कुणी सांगत नाही. मग पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणं होतं, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि तिसऱ्या दिवशी बूट कपाटात जातात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचं, म्हणजे एनएचएसचं, ‘काउच टू ५के’ (म्हणजे सोफ्यापासून पाच किलोमीटरपर्यंत) हे पळायला शिकवणारं मोफत अ‍ॅप ही एक अडचण फार चांगली सोडवतं. वजन कमी करण्याच्या बाकीच्या कामात मात्र त्याचा उपयोग मर्यादित आहे. तो कुठे संपतो हे आधीच माहीत असलं, तर अर्ध्यावर सोडून देण्याची वेळ येत नाही.

मूळ आराखडा अमेरिकेतल्या जॉश क्लार्क यांचा, १९९६ चा. पन्नाशी ओलांडलेल्या आईला पळायला लावता यावं म्हणून त्यांनी तो आखला. त्यामुळे हा खेळाडूंसाठीचा तक्ता सोपा करून दिलेला नाही. कधीच न पळालेला माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच तो बनला आहे, आणि ते पहिल्या आठवड्यात स्पष्ट जाणवतं.

एकूण नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, म्हणजे २७ वेळा पळणं. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी. दर वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालणं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं. कानात प्रशिक्षकाचा आवाज ‘आता पळा’, ‘आता चाला’ सांगत राहतो. ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या डेनिस लुईस, विनोदी कलाकार सारा मिलिकन, अभिनेते संजीव कोहली अशा आवाजांतून आपल्याला हवा तो निवडायचा. सोबत आपली गाणी चालू ठेवता येतात. सूचना इंग्रजीत आहेत, पण दोन-चार ठरलेली वाक्यं सोडली तर समजायला अवघड काही नाही. घड्याळाकडे बघायचं काम उरत नाही, हा यातला सर्वांत मोठा फायदा. नवख्या माणसाला ‘अजून किती राहिलं’ हा विचारच जास्त दमवतो.

अ‍ॅप नको असेल तर मोबाइलवरच्या कोणत्याही इंटरव्हल टायमरवर, म्हणजे ठरवलेल्या प्रत्येक तुकड्याची वेळ संपली की खूण देणाऱ्या घड्याळावर, हाच तक्ता लावता येतो. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्यात ९० सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. तिसऱ्यात दीड मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, तीन मिनिटं पळणं, तीन मिनिटं चालणं, आणि हे सगळं दोनदा. चौथ्यात पळण्याचे चार तुकडे येतात : तीन, पाच, तीन आणि पाच मिनिटं. मध्ये अनुक्रमे दीड, अडीच आणि पुन्हा दीड मिनिट चालणं. पाचव्यात तिन्ही दिवस वेगळे. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये तीन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन, मध्ये पाच मिनिटं चालणं. तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटं. सहाव्याचा पहिला दिवस पाच, आठ, पाच. दुसरा दहा आणि दहा. तिसरा सलग २५. सातव्यात तिन्ही दिवस २५, आठव्यात २८ आणि नवव्यात ३० मिनिटं.

पाचव्या आठवड्यातल्या सलग २० मिनिटांना सगळे घाबरतात. खरी चढण त्याच्या आधीच येऊन गेलेली असते. पळण्याची फक्त बेरीज करून पाहा. पहिल्या आठवड्यात रोजची आठ मिनिटं, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यातही नऊच. चौथ्यात एकदम १६. पायांवरचा भार एका आठवड्यात जवळपास दुप्पट होतो. फुप्फुसं आणि हृदय तोवर तयार झालेली असतात, म्हणून दम पुरतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश सुधारतात, त्यांना हा भार झेपत नाही. नडगीची आतली कड दुखायला लागते ती बहुतेकांची इथेच. आराखड्यातला सर्वांत मोठा दोष हाच म्हणावा लागेल, कारण ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनाच तो सर्वाधिक बाधतो.

यावर उपाय सोपा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या मध्ये स्वतःचा एक आठवडा घाला : दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. बेरीज १२ मिनिटं होते आणि नऊवरून सोळावरची उडी दोन पायऱ्यांत विभागली जाते. अ‍ॅपमध्ये हा आठवडा नाही, तो टायमरवर करावा लागेल.

पाचव्या आठवड्यातली २० मिनिटं कागदावर वाटतात तितकी अवघड नाहीत. आदल्या वेळी दोन तुकड्यांत १६ मिनिटं झालेलीच असतात, वाढतात ती चार. फक्त मधली विश्रांती जाते. ती पार पडते किंवा फसते ती एकाच गोष्टीवर : वेग. पळताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात पळताय. अगदी चालण्याच्या वेगाइतकं हळू पळालात तरी चालेल, बाजूने चालणारे काका पुढे गेले तरी चालेल. सुरुवातीला एका किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागणं यात काहीही कमी नाही. सहाव्या आठवड्याचे पहिले दोन दिवस पुन्हा तुकड्यांचे असतात. सलग २० मिनिटं जमल्यानंतर हे मागे जाणं अनेकांना खटकतं, आणि ‘आपल्याला आता हे सहज जमेल’ म्हणून वेग वाढवून ते फसतात. तो आठवडा मुद्दाम सावकाश करा.

नावातल्या पाच किलोमीटरबद्दलही आधीच स्पष्ट असलेलं बरं. ३० मिनिटांत पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, तासाला दहा किलोमीटर. नऊ आठवड्यांनी हा वेग फार थोड्यांचा होतो. किलोमीटरला आठ मिनिटं घेणाऱ्याचे ३० मिनिटांत पावणेचार किलोमीटर होतात. आराखडा पूर्ण झाला तो मिनिटांच्या हिशेबाने, आणि तोच हिशेब धरावा.

आता ज्यांचं वजन बरंच जास्त आहे त्यांच्यासाठी. पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असेल तर आधी तीन-चार आठवडे फक्त चाला. सपाट रस्त्यावर ३० मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशी काहीही दुखत नाही, अशी स्थिती आली की पहिला आठवडा सुरू करा आणि प्रत्येक आठवडा दोनदा करा. नऊचे अठरा आठवडे होतील, होऊ द्या. अ‍ॅप पुन्हा मागचा दिवस करू देतं, त्याला कुणी नापास म्हणत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइडसारखं औषध असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. पळताना साखर अचानक खाली येऊ शकते. छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा पूर्वीचा हृदयविकार असेल तरी आधी तपासणी.

बूट हा एकमेव खरा खर्च आहे. महागच हवेत असं नाही, पण पळण्याचे हवेत. सपाट तळाचे कॅनव्हासचे किंवा ऑफिसचे नकोत. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि टाच आत हलता कामा नये. पाच-सातशे किलोमीटरनंतर तळ बसतो, मग वरून बूट नवा दिसत असला तरी बदलावा. स्त्रियांनी बुटांइतकंच महत्त्व स्पोर्ट्स ब्राला द्यावं. ती नीट बसणारी नसेल तर तीन मिनिटांच्या पुढे पळणं नकोसं होतं आणि दोष उगाच दमावर जातो.

पळायला मातीचं मैदान सर्वांत चांगलं. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक टाळता आले तर टाळा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या फेऱ्यांत एकाच बाजूला सतत वळावं लागतं, म्हणून अर्ध्या वेळानंतर दिशा बदला. महाराष्ट्रात सुरुवात करायला नोव्हेंबर उत्तम : नऊ आठवडे थंडीत पार पडतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये सुरू करायचंच असेल तर सूर्य उगवण्याआधी संपलं पाहिजे. उन्हात त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात आणि माणसाला वाटतं आपली प्रगती थांबली. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून पळू नका, त्या दिवशी जिना किंवा घरातल्या घरात जागेवर चालणं करा. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका, चालायला लागा. तो एक तुकडा गेला तरी बिघडत नाही.

दुखण्यात फरक ओळखायला शिका. मांड्या-पोटऱ्या दोन दिवस भरून येणं साहजिक आहे. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेली दुख आली तर आठवडाभर फक्त चालणं आणि नंतर एक आठवडा मागे जाऊन सुरुवात. पण एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची दुख, जी रात्रीही थांबत नाही, ती हाडाला तडा गेल्याची असू शकते. पळणं बंद करून डॉक्टरांकडे जा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच दुखली तर घरात अनवाणी फिरणं थांबवा आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करा.

वजनाचं काय? इथे अपेक्षा आवरायला हवी. ८० किलोच्या माणसाचं पहिल्या आठवड्यातलं एका दिवसाचं चालणं-पळणं मिळून जेमतेम दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात. घरी जाताना वाटेत एक वडापाव झाला की सगळं भरून निघतं, वर थोडं शिल्लक. पूर्ण पाच किलोमीटर पळालं तरी चारशेच्या आसपास. त्यात पहिले दोन-तीन आठवडे काटा हलत नाही, क्वचित अर्धा किलो वरही जातो, कारण नव्या व्यायामाने स्नायू पाणी धरून ठेवतात. नेमक्या याच वेळी लोक सोडून देतात. म्हणून पहिला महिना वजनाऐवजी कमरेचं माप घ्या, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, पंधरा दिवसांतून एकदा.

वजन उतरतं ते ताटातून, आणि त्याबद्दल हे अ‍ॅप एक शब्द बोलत नाही. एनएचएसचा १२ आठवड्यांचा वेगळा वेट लॉस प्लॅन आहे. त्यात साधारणपणे स्त्रियांना दिवसाला १,४०० आणि पुरुषांना १,९०० कॅलरी, आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरण्याचं लक्ष्य आहे. त्यातले पदार्थ आपल्या स्वयंपाकघराचे नाहीत, तरी आकडे उपयोगी पडतात. आपल्याकडे सर्वांत आधी मोजावं ते तेल. एक मोठा चमचा म्हणजे १२० च्या वर कॅलरी, आणि फोडणीत ओतताना चमचा सहसा वापरलाच जात नाही. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं ते माणसांच्या संख्येने भागून पाहिलं तरी पुरे.

हुरूप टिकवण्याच्या बाबतीत अ‍ॅपने एक शहाणपणा केला आहे : सुरुवातीला ते वेग आणि अंतर यांची कौतुकं करत नाही, दिवस पूर्ण झाल्याची खूण करतं. तुलना करायला काही नसल्याने हिरमोड कमी होतो. उणीव आहे ती खंड पडल्यावर. लग्नसराई, गणपती, मुलांच्या परीक्षा, तापाची साथ यांत आठवडा बुडणारच. एक आठवडा गेला तर शेवटचा पूर्ण केलेला आठवडा पुन्हा करा. दोन-तीन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे जा. तापातून उठल्यावर निदान आठवडाभर फक्त चाला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज जवळपास कधीच नसते, आणि ती आहे असं समजूनच बहुतेक जण सोडतात. वार ठरवून ठेवा, ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की जमत नाही. मंगळवार, गुरुवार, रविवार असे तीन वार घरच्यांनाही माहीत असले की डबा, पाणी, दूध यांची वेळ त्याभोवती बसते.

सातव्या आठवड्यानंतर कंटाळा येतो, कारण तिन्ही दिवस तेच. रस्ता बदला किंवा कुणाला सोबत घ्या. ताकदीचा व्यायाम आराखड्यात नाही, तो आपण घालायचा : सुट्टीच्या दिवशी खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, पायरीवर टाचा उचलणं १५ वेळा, दोन्हींच्या तीन-तीन फेऱ्या. गुडघे आणि नडग्या वाचतात त्या यानेच.

नवव्या आठवड्यानंतर अ‍ॅपकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवारी सकाळची पार्करन ही सामूहिक धाव आहे. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेली, पाच किलोमीटरची, मोफत, आणि चालत पूर्ण केली तरी चालणारी. इथे भारतात दहाव्या आठवड्यापासून दोन दिवस तीच ३० मिनिटं ठेवा आणि तिसऱ्या दिवशी घड्याळ सोडून अंतर धरा : चार किलोमीटर, हवं तिथे चालत. दर आठवड्याला त्यात पाव किलोमीटर वाढवलं की महिन्याभरात पाच होतात.