ॲक्सिलरेटर १२ मिमी वर घेतला, त्याला आठ महिने झाले

तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात घेताना माझ्या गाडीत इंजिनाचे २,८०० आरपीएमचे (मिनिटाला फेरे) त्याच वेगाला ४,०००च्या आसपास होतात. ही भर आपण रेस देऊन आधीच घातली नाही, तर क्लच सोडल्यावर चाकं ती इंजिनाकडून करून घेतात. मग गाडी हिसका खाते, क्लच झिजतो, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणारी गाडी ओल्या वळणावर मागून सरकूही शकते. म्हणून हील-टो. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरायचा आणि तो न सोडता त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने क्षणभर रेस द्यायची.

तंत्र मला कळलं होतं, पण पाय पोचत नव्हता. जोरात ब्रेक दाबला तरी ॲक्सिलरेटर त्याच्याही खूप खाली राहायचा. घोटा इतका वाकवावा लागे की ब्रेकवरचा दाब कमी-जास्त व्हायचा आणि गाडी डुलायची. नवे बूट घेऊनही काही फरक पडला नाही.

मग मोजायला बसलो आणि तिथेच चुकलो. इंजिन बंद ठेवून, पेडल्स न दाबता माप घेतलं. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा ४५ मिमी वर दिसला, म्हणून ॲक्सिलरेटर थेट २५ मिमीने उचलला. दुसऱ्याच दिवशी रहदारीत मध्यम ब्रेक मारताना बुटाची कड दोन्ही पेडल्सवर पडली. एकीकडे ब्रेक लागतोय आणि दुसरीकडे इंजिन गाडी पुढे रेटतंय, हा अनुभव फार वाईट असतो. त्याच संध्याकाळी सगळं काढून टाकलं.

खरं माप ब्रेक दाबलेला असताना घ्यायचं असतं. इंजिन चालू हवं, कारण ते बंद असलं की दोन-चारदा दाबल्यावर बूस्टरमधला (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या भागातला) व्हॅक्युम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी उभी करून हँडब्रेक ओढला, वळणाआधी दाबतो तेवढ्याच जोराने ब्रेक दाबून धरला आणि मित्राला मोजपट्टी लावायला सांगितली. पेडल २५ मिमी आत गेलं, म्हणजे फरक उरला २० मिमी. त्यातले १२ भरून काढले: ७ मिमीचे स्पेसर (उंची वाढवायला मधे घालायचे तुकडे) आणि वर ५ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी. आता जोरात ब्रेक मारल्यावर ॲक्सिलरेटर ८ मिमी खाली राहतो, आणि हलक्या ब्रेकला पेडल १० मिमी गेलं तर २३ मिमी. दोन्हीवर एकदम पाय पडू नये म्हणून हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दोन पेडल्समधलं आडवं अंतर ७० मिमी होतं. पट्टी ब्रेकच्या बाजूला वाढवून ते ५५ केलं. पण माझ्या पायाला खरा आराम उंचीनेच दिला.

हे सगळं करण्याआधी ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घ्या. माझं पेडल कधी वर लागायचं, कधी खोल जायचं. अशा पेडलवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. ब्रेकचा पुशरॉड (पेडल आणि बूस्टर जोडणारा दांडा) फिरवून पेडल खाली आणायचा सल्ला मलाही मिळाला होता, मी तो मानला नाही. त्यातला फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची पेडलची थोडी मोकळी हालचाल) गेला तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि तापत राहतात.

पहिला महिना चाचपडण्यात गेला. टाच थोडी डावीकडे टेकवून गुडघा बाहेर काढायचा, हे अंगात मुरायला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात एका उतारावर गिअर खाली गेला आणि शेजारी बसलेल्याला तो कळलाच नाही. त्या दिवशी मी खूप खूश होतो.

पाचव्या महिन्यात ॲक्सिलरेटर सोडताना बारीकसा ‘टक’ आवाज यायला लागला. वाकून बघितलं तर खालच्या बोल्टचा नट अर्धा आटा सुटला होता आणि पट्टी केसभर हलत होती. साधे नट काढून आत नायलॉनची कडी असलेले, सहजी न सुटणारे लॉकनट बसवले. तेव्हापासून महिन्यातून एकदा पाना लावून बघतो. पट्टीची खालची कड मॅटला अडकत नाही ना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो ना आणि सोडल्यावर झटकन परत येतो ना, हेही बघतो.

तक्रार एकच. लांबच्या प्रवासात पाऊल पूर्वीपेक्षा थोडं वर राहतं आणि नडगीपुढचा स्नायू दुखतो. सीट एक खाच मागे घेतल्यावर दुखणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर मी आधी पेडल्स दाखवतो, विशेषतः रुंद बूट घातलेल्याला.

माझ्या गाडीचा ॲक्सिलरेटर केबलचा आहे आणि पेडलचा दांडा लोखंडी. इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर असलेल्या बऱ्याच गाड्या ब्रेक दाबलेला असताना रेस कापतात. तुमची तशी असेल तर आधी उभ्या गाडीत न्यूट्रलवर, ब्रेक धरून रेस देऊन बघा, आणि एखाद्या मोकळ्या जागी चालत्या गाडीतही. इंजिन दाद देत नसेल तर पट्टीचा उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या दांड्याला भोक पाडायच्या फंदात तर पडूच नका.