फोटोतल्या फ्रेमला मधला पाइपच नव्हता

2 लाख 40 हजार 50 रुपये. एवढी रक्कम जर्मनीतल्या एका जुन्या टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीच्या नावाने फसवणुकीत गेली. परदेशी नोकरीला गेलेला विक्रेता, आगाऊ पैसे, मध्ये वाहतूक कंपनी, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही माहीत होता. म्हणून तो पुन्हा सांगत बसत नाही. टँडम घेताना तो कुठे पकडता येतो ते लिहिते, कारण ती जागा माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती सोडली.

"युरोपच्या सफरीला इथूनच सायकल न्यायची होती की," असं आता जो तो म्हणतो. अख्खी टँडम साधारण अडीच मीटर लांब असते. विमानात साध्या सामानाची हद्द लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर आणि वजन 23 किलो. फ्रेम मधून उघडणारे एस अँड एससारखे कपलिंग (फ्रेमचे तुकडे जोडणारे सांधे) असले तरच ती 26 बाय 26 बाय 10 इंचांच्या दोन पेट्यांत बसते. अशी टँडम आपल्याकडे मराठवाड्यात कुठल्या दुकानात मिळणार? मे महिन्यात जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनहून डॅन्यूब नदीच्या काठाने उल्म, पासाऊ, व्हिएन्ना करत बुडापेस्टपर्यंत जायचं होतं. सायकल तिकडेच घेऊन परतताना तिकडेच विकायची, हा हिशेब चूक नव्हता. थंडीत भाव उतरतात, म्हणून नोव्हेंबरात शोधलं. सोयाबीनची पट्टीही तेव्हाच हातात आली होती.

जाहिरात उल्मची. किंमत 3,800 युरो. रोहलॉफ कंपनीचा 14 गिअरचा हब (मागच्या चाकाच्या मधोमध बसणारा), 203 मिलिमीटरचे डिस्क ब्रेक. नुसत्या या हबलाच हजार युरोंहून जास्त पडतात, त्यामुळे 3,800 फार स्वस्त नव्हते. फार स्वस्त असती तर मी वळूनही पाहिलं नसतं. मागची सीट माझ्या उंचीला बसणारी होती, आणि अशा मापाची जुनी टँडम वर्षात एखादीच दिसते.

जाहिरातीत आणखी एक ओळ होती: "मागचं चाक 40 तारांचं." टँडमच्या मागच्या चाकावर दोघांचं वजन आणि सामान येतं, तारा तुटतात त्या तिथेच. म्हणून 40 वाचून मला बरंच वाटलं. पण रोहलॉफचा हब 32 किंवा 36 तारांचा येतो. 40 भोकांचा येतच नाही. हे मला माहीत होतं. दोन जाहिरातींतला मजकूर एकत्र चिकटवला की अशी चूक होते, आणि ती तिथे लिहिलेली होती.

मी फ्रेम नंबरचा फोटो मागितला. आजच्या तारखेचा कागद सायकलवर ठेवून फोटो मागितला. दोन्ही दुसऱ्या दिवशी आले. कागदाच्या फोटोत फक्त सीट होती. सीट कुठल्याही सायकलची असू शकते. आणि फ्रेम नंबरचा फोटो, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

टँडमला पायडलचे दोन जोड, म्हणून बीबी शेलही दोन; पायडलचा आस बसतो ती फ्रेमची आडवी नळी म्हणजे बीबी शेल. दोन्ही शेलना जोडणारा जाड पाइप जमिनीला जवळजवळ समांतर जातो, त्याला बूम ट्यूब म्हणतात. मागच्या शेलमध्ये मागून दोन चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारे पाइप), वरून सीटचा पाइप आणि पुढून ही आडवी बूम येते. पुढच्या शेलला चेनस्टे नसतात. त्याचं भोकही बहुतेक टँडममध्ये मोठं असतं, कारण आत एक्सेंट्रिक, म्हणजे आसाचं भोक मध्यापासून बाजूला असलेला गोल तुकडा बसवलेला असतो. तो फिरवून डाव्या बाजूची, दोन्ही पायडल जोडणारी टायमिंग चेन ताणतात. तो घसरला की चेन सैल पडते, उतरते, आणि पुढच्या-मागच्या पायडलची जोडी तुटते.

मला आलेल्या फोटोत नंबर अशाच एका शेलवर होता. त्याला चेनस्टे होते, म्हणजे शेल मागचा. पण पुढून येणारा पाइप तिरका वर, हँडलकडे जात होता. बूम नव्हतीच. ती एका माणसाच्या साध्या सायकलची फ्रेम होती. मी फोटो मोठा केला, नंबर वाचला, वहीत उतरवून घेतला आणि म्हटलं, नंबर आहे. पाइपाकडे पाहिलंच नाही. पुरावा मागून तो न तपासणं, याचा राग मला आजही त्या चोराइतकाच येतो.

दुसरी खूण खात्याची. माणूस जर्मनीचा, सायकल जर्मनीत, पण आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, सुरू होत होता एलटीने. जर्मन आयबॅन डीईने सुरू होतो आणि 22 अक्षरांचा असतो. एलटी म्हणजे लिथुआनिया, 20 अक्षरं. तो म्हणाला, हे ऑनलाइन बँकेचं खातं आहे. अशी खाती प्रामाणिक लोकांचीही असतात, हे खोटं नाही. पण नाव, गाव आणि खात्याचा देश यांतलं एक जरी जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. कितीही पटणारं कारण सांगितलं तरी नाही.

12 नोव्हेंबरला निम्मे म्हणून 1,900 युरो पाठवले. 104.20 च्या दराने 1,97,980 रुपये, वर बँकेचे 1,180. 20 नोव्हेंबरला "परत मिळणारा वाहतूक विमा" म्हणून 380 युरो, म्हणजे 39,710 आणि पुन्हा 1,180. डोनाउएशिंगेनच्या एका गेस्टहाउसने मेपर्यंत सायकल ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणून घाई केली. 24 नोव्हेंबरला कस्टमचे 520 युरो मागितले. उल्म आणि डोनाउएशिंगेन एकाच देशात, एकाच राज्यात. तिथे कस्टम कसला? तेव्हा कळलं. ते 520 वाचले.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिला प्रश्न, 12 आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) सांगा. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून गेलेल्या पैशाला यूईटीआर असतो, 36 खुणांचा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो सांगितला तर "असा नंबर नसतो, बँकेतून बरोबर नंबर आणा." बँक सकाळी साडेदहाला उघडणार. पहिले काही तास महत्त्वाचे, असं हेच लोक जाहिरातीत सांगतात.

बँकेत गेलो तर ओटीपी तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार? रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातलं तीन दिवसांचं संरक्षण आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे. स्वतः पाठवलेल्या पैशाला नाही. ते समजलं. पण पैसे परत मागण्याचा संदेश पाठवणं तरी बँकेच्याच हातात होतं ना? तो अर्ज "वर" जायला नऊ दिवस लागले. शिवाय ऐकवलं की परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर उद्देश प्रवास लिहिलाय, मग सायकलीची तक्रार कशी करता? तो फॉर्म त्यांच्याच काउंटरवर त्यांनीच भरून घेतला होता. शेवटी उत्तर आलं, खातं बंद झालंय. नऊ दिवस थांबल्यावर खातं बंदच सापडणार. फसलात तर त्याच दिवशी लेखी रिकॉल (पैसे परत मागण्याचा संदेश) मागा, बँकेने पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत घ्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आम्ही गेलो आहोत.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा, "ताई, सायकलीला दोन लाख? इथं कामून यायलात, जर्मनीच्या पोलिसांकडं जा ना." दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला गेलेले, कारण आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. तिसऱ्यांदा नुसता अर्ज घेतला, गुन्हा नाही. पैसे आमच्या खात्यातून, आमच्या गावातून गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती नोंदवून घ्यायची. त्या कलमाची छापील प्रत चौथ्यांदा नेली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या 318 खाली नोंद झाली. तोपर्यंत डिसेंबरची 11 तारीख आली होती. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या पोलिसांची ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. तिथे घरी बसून पंचवीस मिनिटांत तक्रार गेली आणि क्रमांकही आला. ते आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

जुनी टँडम घ्यायचीच असेल तर व्हिडिओ कॉलवर पुढचं पायडल फिरवायला सांगा, मागचं सोबत फिरलं पाहिजे. दोन्ही बीबी खालून दाखवायला सांगा. रोहलॉफ असेल तर हबवर कोरलेला क्रमांक मागा. मूळ खरेदीची पावती मागा, नाहीतर खरी सायकलही चोरीची निघू शकते. पैसे सायकल हातात आल्यावर द्यायचे. जाऊन पाहता येत नसेल तर भाड्याने घ्या किंवा दुकानातून बिलासकट घ्या, महाग पडली तरी. आणि शेंगेन (युरोपच्या) व्हिसाची अपॉइंटमेंट विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, फी 90 युरो आहे आणि ती केंद्रावर भरायची असते.

तीच जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. आता गाव पासाऊ आणि किंमत 3,600 युरो. ऑलिव्ह हिरवी फ्रेम, मागच्या सीटवर कागद, "40 तारा" तशाच. पाचवा फोटो बीबीचा आहे, त्यात पुढचा पाइप तिरका वर जातो.