ग्रामीण रुग्णालयातलं नॅलॉक्सोन: बाबांच्या वेळचा अनुभव

खर्‍यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीपायी, बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला. नागपूरहून दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत आणि त्यांच्यामुळेच ते रात्री झोपू शकतात, हे आधीच सांगतो.

मे महिन्यात ऊन लागलं, उलट्या-हगवण झाली, लघवी जवळजवळ बंद. गोळ्या मात्र वेळेवर चालूच. दुपारी आई म्हणाली, "हे असे काऊन घोरून राह्यले?" हलवलं, चिमटा काढला, उठेनात. ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. एक श्वास झाला की पुढचा येते की नाही, असं वाटत होतं.

शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. वाटेतल्या खाजगी दवाखान्याने हात न लावता "पुढे न्या" म्हटलं. ऑक्सिजन तरी लावायचा होता!

ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या मॅडमनी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं. बॅटरीने डोळे पाहिले, सिस्टरला तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला लावला आणि मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचा अँप्युल (काचेची कुपी) फोडला. 0.4 मिलिग्रॅमचा. सलाइन घालून 10 मिली केला आणि दर दोन मिनिटांनी एक मिली, असा शिरेतून देत गेल्या. माझा जीव वर-खाली. म्हटलं, "मॅडम, पुरा देऊन टाका ना!" त्या म्हणाल्या, "एकदम दिला तर मॉर्फिनचा सगळा असर उतरेल आणि दुखणं उसळेल. मला आधी श्वास पाहिजे, शुद्ध मागून येईल."

तसंच झालं. काही मिनिटांत छाती नीट वर-खाली व्हायला लागली. नंतर बाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

आम्ही घरी न्यायच्या गोष्टी करू लागलो, पण मॅडमनी सोडलं नाही. या औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, मॉर्फिन मात्र अंगात राहतं. किडनी मंदावली की आणखीच साचतं. खरंच, संध्याकाळी बाबा पुन्हा गुंगले, पुन्हा डोस द्यावा लागला. घरी असतो तर? रात्रभर सलाइन आणि सिस्टरची नजर, या दोन्हीला माझे पूर्ण गुण.

गावात आता विचारतात, फवारणीच्या विषबाधेवर हे चालते का? नाही. हे फक्त अफूच्या जातीच्या औषधांवर: मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन. फवारणीच्या काही विषांना अ‍ॅट्रोपिन लागतं.

अमेरिकेत 2023 पासून याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीविना मिळतो. आपल्याकडे निदान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार अँप्युल असायलाच पाहिजेत. मॉर्फिनवरचे पेशंट आता खेड्यातही आहेत.

तक्रार एकच. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. लघवी कमी झाली किंवा माणूस हाकेला ओ देईना, तर पुढची गोळी न देता फोन करायचा, हे सिस्टरने तोंडी सांगितलं म्हणून कळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी डोस कमी केला आहे. गोळ्या बंद केल्या नाहीत, आणि आम्हीही करणार नाही.