'आत्ता उघडं' दाखवणारं प्लगइन: अकरा महिने वापरल्यावर, आणि त्या एका मिनिटाविषयी

रिन्यूअलचा मेल आलाय, १,४९९ रुपये. गेल्या गणपतीत डोळे मिटून भरले होते. या वेळी भरायच्या आधी हे लिहून टाकतो.

वर्डप्रेसवर साइट चालवणाऱ्यांना हे प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) काय करतं ते सांगायला नको. आठवड्याच्या वेळा भरा, साइटवर हिरवा नाहीतर लाल ठिपका येतो. दिसायला छान आहे, मोबाइलवरही नीट बसतं. फक्त आमचं दुकान इंदूरच्या सराफ्यात आहे. संध्याकाळी सोन्याचांदीची दुकानं वाढली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. काकांची साबुदाण्याची खिचडी, वाफेवरची, वर शेव-मिक्श्चर भुरभुरलेली. वेळ रात्री साडेआठ ते दोन.

आता २०:३० ते ०२:०० भरून बघा. प्लगइन विचारतं, आत्ताची वेळ उघडण्याच्या पुढे आणि बंद होण्याच्या आत आहे का? रात्री दहाला २२ हे २ च्या आत बसत नाही, म्हणून बंद. साडेबाराला ००:३० हे २०:३० च्या पुढे नाही, म्हणून बंद. थोडक्यात, काकांचं दुकान कधीच उघडत नाही.

सपोर्टला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळी करा: आज २०:३० ते २३:५९ आणि उद्या ००:०० ते ०२:००. केल्या. तरी घोळ. ठिपका लाल, आणि रात्री दोनच्या ठोक्याला, काका पातेलं घासायला काढतात तेव्हा, हिरवा. सकाळी साडेसातपर्यंत हिरवा. महिनाभर मी त्या कंपनीला शिव्या घातल्या.

चूक माझीच होती. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला होता आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यांचे साडेआठ म्हणजे आपले बरोबर दोन. यादीत 'कोलकाता', म्हणजे भारतीय वेळ, निवडलं आणि काम झालं. तेव्हा आधी एक तारा दिला होता त्याचे तीन केले, हे कबूल करतो. (ज्यांनी स्वतः कोड लिहिलाय त्यांनी उलटी चूक तपासा. आत्ताची वेळ विचारायला जावास्क्रिप्टचं नुसतं 'न्यू डेट' घेतलंत तर बघणाऱ्याच्या फोनचं घड्याळ लागतं. न्यू जर्सीतल्या ताईला सकाळी अकराला दुकान बंद दिसायचं, तेव्हा इथे नुकतीच पहिली प्लेट गेलेली असायची. तिथून ती काही खिचडी खायला येणार नव्हती, पण तिने ऐकवलं मात्र.)

कॅशचा (पैशांचा नव्हे, साइट पटकन उघडावी म्हणून पानाची प्रत साठवतात त्याचा) त्रास आठवडाभर झाला. पान साठवून ठेवलं की ठिपकाही साठतो. 'ब्राउझरमध्ये तपासा' हा पर्याय चालू केला, सुटला प्रश्न.

मग उरलं ते एक मिनिट. २३:५९ ते ००:००. त्या मिनिटात ठिपका लाल होतो. २४:०० भरू देत नाही, 'अवैध वेळ' म्हणतं. घरी सगळे म्हणाले, एका मिनिटाने काय बिघडतं? आषाढी एकादशीला बिघडलं. एकादशीची रात्र म्हणजे आमची दिवाळी. सराफ्याजवळच्या राजवाड्याशी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने नेमकं त्याच मिनिटाला साइट उघडली, लाल बघितलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी फोन करून काकांना म्हणाला, "एकादशीला खिचडीचं दुकान बंद? कमाल आहे!" काका माझ्याकडे बघत राहिले. पंधराशे रुपये देऊन गिऱ्हाईक परत पाठवायची सोय केली होती मी.

सोमवारच्या सुटीचंही तेच त्रांगडं. सोमवार बंद करायचा तर खरं तर मंगळवारच्या ००:०० ते ०२:०० वर काट मारायची. मी सोमवारची मारली आणि रविवारची, सगळ्यात गर्दीची, मध्यरात्र गेली. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी काका दुकान लावत नाहीत. सुट्यांच्या तयार यादीत होळी आहे, रंगपंचमी नाही. हाताने घातली तर 'दरवर्षी याच तारखेला' असं विचारतं. तिथीला तारीख कसली?

शेवटी एका रविवारी मीच बसलो. सगळ्या वेळा मिनिटांत केल्या: साडेआठ म्हणजे १२३०, दोन म्हणजे १२०. बंद होण्याचा आकडा उघडण्याच्या आकड्याहून लहान असला की त्यात १४४० मिळवायचे, म्हणजे १५६०. आणि तपासताना आजच्या वारासोबत कालचाही वार बघायचा, आत्ताच्या मिनिटांत १४४० घालून. बारा वीसला १४६० येतात, १५६० च्या आत, म्हणजे कालचं दुकान अजून चालू आहे. सोमवारची सुटी आपोआप नीट बसली, कारण आता रात्र एकाच वाराची झाली. तीसेक ओळी. जपानात रात्री एकला २५ वाजले असं सर्रास लिहितात, आणि गूगलला द्यायच्या स्कीमामध्येही (दुकानाची माहिती लिहायचा ठरलेला साचा) मध्यरात्र ओलांडणारी वेळ एकाच नोंदीत देता येते. हे काही नवं नाही, या प्लगइनलाच सुचलेलं नाही.

त्या रात्री दुकानावर उभं राहून ११:५९ ला फोन बघत होतो. हिरवा. काका म्हणाले, "अरे, ती डिश दे आधी."

तर रिन्यू करत नाही. तुमचं दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ असेल तर खुशाल घ्या, काही अडणार नाही. सराफा, चहाची टपरी, रात्रीचं मेडिकल असलं काही असेल तर पैसे वाचवा.

एक भर मात्र माझ्या कोडमुळे पडली. प्लगइनमध्ये 'बंद' हा शब्द बदलता येत नव्हता आणि काकूला तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. दुकान बंद म्हणू नये, वाढवलं म्हणावं. आता स्वतःचाच कोड, म्हणून लाल ठिपक्याशेजारी लिहिलं, 'दुकान वाढवलं आहे, रात्री साडेआठला या.' परवा पुण्याहून आलेल्या एका मुलीचा फोन होता: वाढवलंय म्हणजे शेजारचा ओटाही घेतलात का, आणि आता बसायला जागा आहे का?