रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन? ऊसतोडीला निघण्याआधी ठरवताना

स्किझोफ्रेनियाचं माणूस गावात असतं तोवर हा प्रश्न फारसा अडत नाही. आशाताई ओळखीची, दवाखाना ठरलेला. दिवाळीनंतर बीड, धारूर, पाटोद्याच्या टोळ्या निघाल्या, की पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे, पाच-सहा महिने औषध कोण सांभाळणार, इथे खरी अडचण सुरू होते.

गोळीची जमेची बाजू म्हणजे मात्रा लगेच कमी-जास्त करता येते. क्लोझापिन तर नेहमी गोळीतूनच देतात. ती 48 तासांहून जास्त चुकली तर जुन्या मात्रेवर परत जायचं नाही, डॉक्टर 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवतात. गोळी चुकल्याचं मात्र कुणाला कळत नाही. त्यामुळे ‘घेतली का?’ विचारण्यापेक्षा दर बाजारच्या दिवशी रिकाम्या स्ट्रिपा मोजाव्यात. दुसरी अडचण झोपेची. रात्री दहाला ओलांझापिन आणि पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं, मग गुंगीत हातात कोयता. गोळी संध्याकाळी सातला चालेल का, हे निघण्याआधीच विचारून घ्यावं.

इंजेक्शनांपैकी फ्लुफेनाझिन डेकॅनोएट दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी देतात. (इंजेक्शनवर गेला म्हणजे आजार हाताबाहेर गेला, हा समज चुकीचा.) औषध तिळाच्या तेलात असतं, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी आधी सांगावी. सिस्टर कातडी बाजूला ओढून कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात खोल, सावकाश टोचतात. नंतर ती जागा चोळू नये, आणि पुढच्या वेळी बाजू बदलावी. नाहीतर गाठ धरते. तारीख चुकली की त्याच दिवशी कळतं, हा मोठाच फायदा. पण एकदा टोचलेलं काढून घेता येत नाही. अंग ताठरलं, हात कापू लागले, तर त्रास कित्येक आठवडे पुरतो. एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या, हाही औषधाचाच त्रास असू शकतो. आजार वाढला समजून मात्रा वाढवली की तो आणखी चिघळतो.

गोळ्या सोडल्यामुळे आजार दोनदा उलटला असेल, तर आमचं मत इंजेक्शनकडे. मात्र सुरुवात आषाढात करावी. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट रक्तात स्थिरावायला तीनेक महिने लागतात, तोवर काहींना गोळ्याही चालू ठेवाव्या लागतात. उचल घेऊन झाली, गाडी दारात उभी आणि तेव्हा पहिलं इंजेक्शन, ही सगळ्यांत वाईट वेळ.

सोबत चिठ्ठी हवी: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, मागची तारीख, कुठली बाजू, पुढची तारीख. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते औषध मिळतं का, हे आधी फोन करून विचारावं. नाहीतर गोळ्याच बऱ्या. अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.

उन्हं तापल्यावर दोन्हीकडे जपावं. कंप थांबवायला दिलेल्या ट्रायहेक्सीफेनिडिलने घाम कमी येतो. ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि बडबड एकत्र दिसली, तर नुसतं ऊन लागलं म्हणून कांदा चोळत बसू नये. पुढची गोळी न देता तडक मोठं रुग्णालय गाठावं आणि चिठ्ठी आधी दाखवावी.