दहा रुपयांत पालिकेची झडती: माहिती अधिकार अर्ज कितपत चालतो?

महाराष्ट्रात पालिकेचं काम तपासायला १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाइतकं स्वस्त हत्यार नाही. ‘रस्ता का खचला?’ असं विचारलंत की फसलात. इथे कारणं नव्हे, कागद मिळतात. कार्यादेश, अंदाजपत्रक, चाचणी अहवाल आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) मागा. खरी मेख तिथेच असते: ठेकेदाराच्या देयकातली (बिलातली) डांबराची जाडी तिच्याशी ताडून पाहा. नुसत्या प्रतींपेक्षा कागदांची प्रत्यक्ष पाहणी सरस, पहिला तास फुकट. साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात (हे सहसा कुणी मागतच नाही). अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर. मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, शुल्क २० रुपये. दुसऱ्या अपिलाला मात्र राज्य माहिती आयोगाच्या रांगेत ताटकळायची तयारी ठेवा.