ऑस्करच्या टाकीला सम्प: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

माशांची टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची, काच १२ मिमी. आत दोन ऑस्कर, थोडे सिल्व्हर डॉलर आणि एक प्लेको. काठोकाठ भरली तर साडेचारशे लिटर पाणी. खाली स्टँडमध्ये तीन फूट लांबीचा काचेचा सम्प, म्हणजे पाणी गाळून साफ करणारी खालची टाकी, आणि त्यात पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. मागच्या हिवाळ्यात पाणी सोडलं, तेव्हापासून सगळं सलग चालू आहे. घरी येणारा प्रत्येक मासेवाला मित्र आधी विचारतो, "पंप कुठला?" इतके महिने वापरून माझं मत असं झालंय की या सगळ्या मांडणीत पंप हा सगळ्यात कमी डोकं खाणारा भाग आहे. खरा प्रश्न एकच: लाइट गेल्यावर किती पाणी खाली येणार?

आम्ही पुण्यात राहतो. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं इथे कुणाला नवीन नाही, आणि वळवाच्या पावसात तर दिवसातून दोनदासुद्धा जाते. लाइट गेली की पंप थांबतो, पण पाणी लगेच थांबत नाही. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी खाली सोडणाऱ्या खोक्याच्या, काठावरच्या दात्यांपर्यंत उतरतं आणि खाली येत राहतं. त्यात रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर तीच नळी उलटी चालून टाकी उपसायला लागते. हिशोब सोपा आहे. टाकीचा तळ १२० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७.२ लिटर पाणी खाली. नळीचं तोंड १२ सेंटिमीटर खोल असेल तर ८६ लिटर. माझ्या सम्पचा तळ ९० बाय ३८, आणि चालू पातळीच्या वर १६ सेंटिमीटर मोकळे. त्यात जेमतेम ५४ लिटर मावतात. उरलेले तीसेक लिटर थेट हॉलच्या लादीवर आणि तिथून खालच्या काकूंच्या छताला.

पाइप जोडायला आलेल्या प्लंबरशी याच मुद्द्यावर घासाघीस झाली. तो म्हणाला, "सर, एनआरव्ही, एकाच बाजूला उघडणारी झडप, टाकून देतो की. पाणी उलटं येणारच नाही, टेन्शन नाही." मी म्हटलं, "दादा, बोअरच्या लाइनला ठीक आहे. इथे माशांची घाण, शेवाळ, गोगलगाई. एक कण पडदीत अडकला की झडप अर्धी उघडी राहणार." त्याला ते फारसं पटलं नाही, पण त्याने एनआरव्ही लावला नाही आणि मी सांगितलेल्या जागी ड्रिल मारलं. रिटर्नचा पाइप टाकीच्या काठावरून आत वळतो तिथे, पाण्याच्या पातळीखाली एक सेंटिमीटरवर, शेजारी शेजारी ६ मिमीची दोन भोकं. पातळी तेवढी उतरली की भोकांतून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोकं पाइपच्या न हलणाऱ्या भागात हवीत, टोकाच्या वळवता येणाऱ्या नोझलमध्ये नकोत. ऑस्कर हा नुसता पोहणारा मासा नाही, तो घर लावणारा मासा आहे. आमचा मोठा नर सकाळी खाणं मिळायला उशीर झाला की नोझलला धक्के देतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड वाळूकडे वळलेलं असतं. भोकं नोझलवर असती तर एखाद्या गुरुवारी हिशोब चुकला असता.

भोकं उघडी आहेत की बुजली, हे कळायची सोय आपोआप झाली आहे. पंप चालू असताना त्यांतून दोन बारीक पिचकाऱ्या मागच्या काचेवर आपटतात. पिचकारी दिसली की भोक साफ. एक मंदावली की शेवाळ धरलंय, मग टूथपिक. उन्हाळ्यात हे दर आठवड्याला करावं लागलं, पावसाळ्यात कमी.

आता लाइट गेली की वरची पातळी दीड सेंटिमीटर उतरते, म्हणजे ११ लिटरच्या आसपास. पाइपमधलं आणि ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं धरून तेरा-चौदा लिटर. सम्प चारेक सेंटिमीटर चढतो आणि थांबतो. स्टँडच्या आतल्या बाजूला, सम्पच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारल्या आहेत: एक चालू पातळीची, एक बंद पातळीची. पंप बंद असताना पाणी वरच्या रेघेच्या पुढे गेलं, तर काहीतरी बिघडलंय. घरातलं कुणीही बघून सांगू शकतं.

ओव्हरफ्लोला दोन पाइपांची हर्बी पद्धत घेतली. एका एक इंची पाइपात पूर्ण पाणी, हवा अजिबात नाही. खाली व्हॉल्व्ह, त्याने प्रवाह आवळायचा. दुसरा पाइप थोडा उंच, एरवी कोरडा, फक्त अडीअडचणीला. एका ओळखीच्यांकडे एकच उभा डर्सो पाइप आहे. त्यात हवा आणि पाणी एकत्र उतरतं आणि त्यांच्या हॉलमध्ये दिवसरात्र गुडगुड चालू असते. हर्बी नीट बसली की पाण्याचा आवाज येतच नाही, ऐकू येतो तो फक्त पंपाचा घूं. तीन पाइपांची बीनअॅनिमल त्याहून सुरक्षित, पण माझ्या ओव्हरफ्लोच्या खोक्यात तीन पाइप आणि रिटर्न एवढं मावत नव्हतं.

हर्बीची खोड व्हॉल्व्हमध्ये आहे. इकडे हार्डवेअरच्या दुकानात बॉल व्हॉल्व्ह ढिगाने मिळतो, चाक फिरवून हळूहळू उघडणारा प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह सहज मिळत नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलवला की खोक्यातली पातळी तीन बोटं वर-खाली होते. शेवटी गेट व्हॉल्व्ह मागवला आणि त्यानंतरच जीव शांत झाला. तरीही महिना-दीड महिन्यात पाइपाच्या आत बुळबुळीत थर धरतो, पाणी थोडं कमी उतरतं, खोक्यातली पातळी चढते आणि कोरड्या पाइपात धार सुरू होते. ती सम्पच्या पाण्यावर वरून पडते, म्हणून आवाज येतो. तोच माझा अलार्म. व्हॉल्व्ह पाव फेरा सैल केला की झालं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मुख्य पाइपाचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवायचं. जास्त खोल गेलं तर लाइट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही आणि सगळा भार कोरड्या पाइपावर येतो. माझ्याकडे लाइट आली की मिनिट-दोन मिनिटं घुसळल्याचा आवाज, एक मोठी ढेकर, आणि मग शांत.

पाइपांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानात खरी फसगत इथेच होते. नळकामाचा पांढरा यूपीव्हीसी इंचांत मोजतात; एक इंची म्हटला तरी त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. शेतीचा पीव्हीसी मिलिमीटरमध्ये: ३२ म्हणजे बाहेरून ३२. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी एक इंची असला तरी बाहेरून २८.६. तिन्ही एकमेकांत बसत नाहीत, आणि माशांच्या दुकानातली बाहेरून आलेली फिटिंगं बहुतेक मिलिमीटरवाली. ३२ चा पाइप इंची एल्बोमध्ये सैल जातो आणि दुकानदार म्हणतो, "सोल्युशन जास्त लावा, बसेल." बसत नाही. एक जात ठरवा आणि एल्बो, टी, युनियन (हाताने खोलता येणारा जोड) सगळं त्याच जातीचं घ्या. मी यूपीव्हीसी घेतला, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात रविवारीही मिळतो.

काचेतून पाइप काढायला छतावरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तीच टँक निपल वापरली. आधी निपल विकत घ्यायची, तिच्या आट्यांची जाडी मोजायची आणि मगच काचवाल्याला भोकाचं माप द्यायचं. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, चकतीखाली. नट बाहेरून, हाताने आवळून वर पाव फेरा. पान्ह्याने जोर काढला तर काच जाते. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला नंतर भोक पाडताच येत नाही, ती तिथल्या तिथे चुरा होते. पितळी आटे असलेले जोड मी टाळले. ऑस्करला कदाचित काही झालं नसतं, पण पुढे कधी झिंगे ठेवायचे झाले तर पितळेतलं तांबं त्यांना सोसत नाही.

युनियनवर कंजुषी करू नका. पंपाच्या वर एक, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकेक. पंप धुवायला काढताना करवत लागली तर मांडणी चुकली म्हणायची. पंप आणि कडक पाइपामध्ये वीतभर लवचीक नळी टाकली आणि पंपाखाली स्पंज ठेवला. स्टँडच्या प्लायवूडमधून येणारी थरथर त्यानेच गेली.

आता पंपाचं. २४ व्होल्टचा डीसी पंप, वेग कमी-जास्त करता येणारा. डब्यावर तासाला ६,००० लिटर लिहिलंय, पण ते शून्य उंचीवर. दीड मीटर चढवून, चार एल्बो ओलांडून वर किती येतं ते बादली लावून मोजलं: २० लिटरची बादली साधारण २५ सेकंदांत भरली. म्हणजे तासाला २,९०० च्या आत-बाहेर. साडेचारशे लिटरच्या टाकीला तासाला सहा फेऱ्या, ऑस्करला पुरेसं. वीज ४० वॉट, महिन्याला २९ युनिट. पहिला कंट्रोलर जूनमधल्या एका वादळी रात्रीनंतर मेला. विकणाऱ्याने बदलून दिला, पण तीन आठवडे घोळवून. तेवढ्यात जुना एसी पंप लावून दिवस काढले. तो घरच्या इन्व्हर्टरवर घुरघुरत होता आणि हाताला गरम लागत होता, कारण आमचा इन्व्हर्टर साइनवेव्ह (मेन लाइनसारखी सुरळीत वीज देणारा) नाही. डीसी घेणार असाल तर आधी विक्रेत्याला विचारा की लाइट गेल्या-आल्यावर कंट्रोलर आपोआप पूर्वीच्याच वेगाने सुरू होतो का. काही होत नाहीत, बटण दाबावं लागतं. आपण ऑफिसात असताना ते बटण कोण दाबणार?

उन्हाळा हा सम्पचा खरा पेपर. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३१ अंशांपुढे जायला लागलं, म्हणून सम्पवर छोटा पंखा लावला. तापमान उतरलं, पण बाष्पीभवन वाढलं: रोज सात-आठ लिटर. सम्प असताना ही घट वरच्या टाकीत दिसतच नाही, सगळी पंपाच्या कप्प्यात दिसते. माझा कप्पा २५ बाय ३८ चा, म्हणजे लिटरला साधारण एक सेंटिमीटर. एक दिवस पाणी घालायचं राहिलं की पंप हवा ओढतो आणि वरची टाकी सोड्याची बाटली फोडल्यासारखी बारीक बुडबुड्यांनी पांढरी होते. यावर उपाय म्हणून आरओ फिल्टरमधला, पातळी उतरली की आपोआप उघडणारा छोटा फ्लोट व्हॉल्व्ह पंपाच्या कप्प्यात लावला आणि वर २० लिटरचा कॅन ठेवला. नळाला थेट जोडायचा मोह झाला होता, पण व्हॉल्व्ह अडकला तर नळ थांबणार नाही. कॅन रिकामा झाला तरी २० लिटरच; त्यावर लाइट गेली तर चौदा लिटर. एकूण ३४, आणि सम्पमध्ये जागा ५४ ची. बसतं.

देखभाल म्हणाल तर ऑस्कर आहे तिथे कटकट आहे. पाणी पहिल्यांदा फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे घाण अडवणाऱ्या कापडी पिशवीत, पडतं. सॉक चार-पाच दिवसांत तुंबतो आणि पाणी त्याच्या काठावरून वाहायला लागतं. मी सॉकचे तीन जोड ठेवले आहेत, उलटे करून वॉशिंग मशीनमध्ये, साबणाशिवाय. घरी यावर एकमत नाही. सिरॅमिक रिंगा (पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंचं घर) मात्र टाकीतून काढलेल्याच पाण्यात विसळतो. नळाच्या क्लोरीनने त्यांवरचे जिवाणू मरतात आणि मग अमोनिया चढतो. नायट्रेट काही सम्पने कमी होत नाही, त्याला आठवड्याचं पाणी बदलणं आहेच. सम्पने दिलेला फायदा वेगळा आहे: हीटर, थर्मामीटर, रिंगा सगळं खाली लपलं आणि ऑस्करच्या तावडीतून सुटलं. आधीच्या टाकीत त्याने हीटर दोनदा काचेवर आपटला होता.

कुणी घेऊ नये? दोन-अडीच फुटी टाकीला, गप्पी-टेट्रा ठेवणाऱ्याला याची गरज नाही, कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) पुरे. भाड्याच्या घरात, दर अकरा महिन्यांनी सामान हलवायचं असेल, तरी नको. चार फुटांच्या पुढची टाकी आणि घाण करणारे मासे असतील तर मात्र मी सम्पच सांगेन. पुढच्या महिन्यात काचवाल्याकडून ओव्हरफ्लोचं मोठं खोकं बनवून घेतोय, म्हणजे तिसरा पाइप मावेल.